शेवटचा शब्द ब्रेकचा असावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोटार सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडता पडता समोरच्या भिंतीवर आदळली, दुकानाचे शटर तोडून आत शिरली किंवा पार्किंगच्या मजल्यावरून कठडा फोडून खाली कोसळली, अशा बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात आणि त्यांत एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते : चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. त्यानंतर गुन्हा दाखल झाल्याची ओळ येते आणि बातमी संपते. चालकाची चूक झाली हे खरेच, आणि तिची जबाबदारी त्याच्यावर येणे रास्तही आहे. परंतु ज्या यंत्राने ती चूक निमूटपणे आज्ञा म्हणून पाळली, त्याच्या रचनेबद्दल कोणी काहीच विचारत नाही, याची मला फार खंत वाटते. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात माझी नोकरी झाली. पेडलची जोडणी, तिचे बिजागर, तिची स्प्रिंग हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ही दोन पेडले एकमेकांपासून जेमतेम तीन-चार बोटांच्या अंतरावर असतात. दोन्ही एकाच पायाने, एकाच दिशेने दाबायची असतात आणि त्यांची कामे मात्र परस्परांच्या नेमकी उलट असतात. चालक ती डोळ्यांनी पाहत नाही. टाच कुठे टेकली आहे यावरून पायाला अंदाज येतो. गाडी मागे घेताना चालक मान आणि खांदा वळवतो, त्याबरोबर कंबर फिरते, आसनावरची बैठक किंचित सरकते आणि टाच आपली जागा सोडते. पार्किंगचे कुपन घेण्यासाठी खिडकीतून हात लांबवला तरी तेच होते. मग कोणी तरी अचानक आडवे येते, पाय सवयीने झेपावतो आणि काही सेंटिमीटरने चुकतो. हालचालींच्या शास्त्राचे अभ्यासक रिचर्ड श्मिट यांनी 1989 मध्ये या प्रकाराची जी मीमांसा मांडली, ती या क्षेत्रात आजही आधार मानली जाते. तिचे सार असे की, चालकाने पेडल निवडताना चूक केलेली नसते. त्याने ब्रेकच निवडलेला असतो, फक्त पाय दुसरीकडे उतरतो. म्हणूनच ती चूक त्याला कळत नाही. आपण ब्रेक दाबत आहोत आणि तरी गाडी धावते आहे, म्हणजे ब्रेक लागत नाही, असा त्याचा समज होतो आणि तो आणखी जोर लावतो. अपघातानंतर 'मी ब्रेकच दाबला होता' असे तो कळकळीने सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा तो खोटे बोलत नसतो.

हा धोका आपल्याकडे आजवर तितकासा जाणवला नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी क्लचला द्यावे लागेल. गिअरच्या गाडीत घाबरलेला चालक दोन्ही पाय खाली दाबतो; उजवा पाय चुकला तरी डावा पाय क्लचवर असतो आणि इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तुटतो. इंजिन नुसते ओरडते, गाडी उडी घेत नाही. नवशिक्याने गडबडीत क्लच सोडला तर गाडी बंद पडते, हेही एका परीने संरक्षणच असते. ऑटोमॅटिक गाडीत ही दुसरी संधी नाही. तिथे डावा पाय रिकामा असतो आणि ब्रेकवरचा पाय नुसता सैल केला तरी गाडी आपसूक सरकू लागते. 2014 साली सेलेरिओ ही छोटी मोटार क्लचच्या पेडलविना, स्वयंचलित गिअरसह कमी किमतीत बाजारात आली आणि तोवर चैनीची मानली जाणारी ही सोय मध्यमवर्गीय घरात पोचली. गुडघे दुखतात म्हणून, वाहतूक कोंडीचा कंटाळा येतो म्हणून तीस-चाळीस वर्षे गिअरची गाडी चालवलेले लोक निवृत्तीनंतर ऑटोमॅटिक घेऊ लागले. आता विजेवरच्या मोटारी आल्या आहेत आणि त्यांच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो. पेट्रोलच्या छोट्या गाडीला वेग घ्यायला जो अवधी लागत असे, तोही इथे उरलेला नाही.

माझ्या मते येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळे चर्चा नेहमी भरकटते. पहिल्या प्रकारात चालकाचा पाय ब्रेकवरच आहे, पण ॲक्सिलरेटर खालीच अडकून राहिला आहे. दुसऱ्या प्रकारात पाय फक्त ॲक्सिलरेटरवर आहे आणि चालकाला मात्र तो ब्रेक वाटतो आहे. दोन्हींवर उपाय आहेत, पण एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण 28 ऑगस्ट 2009 रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सँटी या गावी घडले. महामार्ग पोलीस दलातील एक अनुभवी अधिकारी कामावर नसताना कुटुंबासह टोयोटाच्या लेक्सस मोटारीतून जात होता. गाडी विक्रेत्याने तात्पुरती वापरायला दिली होती आणि तिच्यात दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी मॅट घातलेली होती. त्या मॅटच्या कडेत ॲक्सिलरेटर अडकला, गाडी भरधाव सुटली आणि चौघांचाही मृत्यू झाला. गाडी बटणाने चालू-बंद होणारी होती आणि धावत्या स्थितीत इंजिन बंद करायचे तर ते बटण सलग 3 सेकंद दाबून धरावे लागे. त्या धांदलीत हे कोणाला सुचणार? या अपघातानंतर टोयोटाने मॅटच्या कारणासाठी लक्षावधी गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. पुढे जानेवारी 2010 मध्ये, काही गाड्यांतील पेडल दाबल्यावर पूर्ण वर येत नाही या वेगळ्या दोषासाठी आणखी सुमारे 23 लाख गाड्या बोलावाव्या लागल्या. तिथे पेडलच्या जोडणीत पोलादाची एक लहानशी पट्टी बसवून दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतच बिघाड आहे का, याचा तपास अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने नासाच्या अभियंत्यांकडून करून घेतला आणि फेब्रुवारी 2011 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात तसा दोष आढळला नाही. या सगळ्या प्रकरणातून जी एक गोष्ट कायमची पुढे आली ती म्हणजे ब्रेकला अग्रक्रम देणारी व्यवस्था. दोन्ही पेडले एकाच वेळी दाबली गेली, तर गाडीने ॲक्सिलरेटरचे न ऐकता ब्रेकचे ऐकायचे, एवढाच तिचा अर्थ.

ही व्यवस्था किती साधी आहे हे वाचकांना सांगितले पाहिजे. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत तारेची केबल जात असे. आजच्या बहुतेक सर्व मोटारींत ती केबल नाही. पेडलच्या बिजागरापाशी दोन संवेदक (सेन्सर) असतात, ते पेडल किती दाबले आहे याचा विद्युत संदेश नियंत्रकाला देतात आणि दोघांचे सांगणे जुळले नाही तर नियंत्रक इंजिनाची ताकद आपणहून मर्यादित करतो. ब्रेक दाबल्याची खबरही नियंत्रकाला मिळतच असते, कारण मागचा लाल दिवा पेटवायचा असतो. म्हणजे आवश्यक ती सर्व माहिती आधीच एका जागी जमा होते. 'दोन्ही दाबलेली असतील तर इंजिन मंद करा' एवढी सूचना आज्ञावलीत लिहायची राहते. नवा सुटा भाग लागत नाही.

यावर काही जाणकार म्हणतात की, ब्रेकची ताकद इंजिनापेक्षा जास्तच असते, मग या व्यवस्थेची गरज काय? पहिले विधान बरोबर आहे. एका अमेरिकी मोटार मासिकाने टोयोटा प्रकरणाच्या काळात केलेल्या चाचणीत, ताशी 70 मैलांच्या वेगाने जाणारी टोयोटाची कॅमरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाही नुसत्या ब्रेकने थांबली आणि त्यासाठी तिला नेहमीपेक्षा फक्त 16 फूट अधिक लागले. परंतु ही चाचणी करणाऱ्याने पहिल्या क्षणी, पूर्ण जोराने आणि एकदाच ब्रेक दाबला होता. पेट्रोल इंजिनाच्या गाडीत ब्रेकला जोर पुरवणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर (व्हॅक्यूमवर) चालतो आणि झडप पूर्ण उघडी असताना तो निर्वात तयार होत नाही. बूस्टरमध्ये साठलेली शिल्लक दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरती असते. घाबरलेला माणूस ब्रेक सोडतो, पुन्हा दाबतो, पुन्हा सोडतो, आणि दर वेळी पेडल अधिक कठीण होत जाते. तोवर ब्रेकही तापलेले असतात. प्रयोगातला चालक आणि रस्त्यावरचा चालक यांत हा फरक आहे, आणि नियम रस्त्यावरच्या माणसासाठी करायचे असतात.

आपल्याकडे मॅटचा प्रश्न तर अधिकच गंभीर आहे. नवी गाडी शोरूममधून निघाली की थेट ॲक्सेसरीच्या दुकानात जाते. कंपनीने दिलेल्या मॅटला जमिनीतल्या खुंटीत अडकवण्याचे छिद्र असते. दुकानात तिच्यावर दुसरी जाड, रेक्झिनची, वर तारांच्या जाळीचा थर असलेली मॅट चढवली जाते आणि ती खुंटीत अडकत नाही. दोन-चार महिन्यांत ती पुढे सरकते आणि तिची वर आलेली कडा ॲक्सिलरेटरच्या बुडाशी जाऊन टेकते. कोणीही आपल्या गाडीत वाकून हे पाहावे. त्यात आसनाखालून घरंगळत येणारी पाण्याची बाटली हा आणखी एक जुना शत्रू आहे. ती ब्रेकच्या पेडलखाली गेली तर ब्रेकच दबत नाही आणि तिथे कोणताही इलेक्ट्रॉनिक उपाय कामाचा नाही.

ब्रेकच्या अग्रक्रमावर घेतला जाणारा दुसरा आक्षेप घाटातला आहे. चढावर थांबलेली गाडी मागे घसरू नये म्हणून काही जण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबून गाडी काढतात. शर्यतीतले चालकही दोन्ही पेडले एकदम वापरतात. हा आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तर रचनेतच आहे. अगदी कमी वेगात ही व्यवस्था लागू करायची नाही आणि ॲक्सिलरेटर आधी दाबलेला असून त्यावर ब्रेक पडला तरच ती चालू करायची. जगातल्या अनेक गाड्यांत ती अशीच बसवलेली आहे. चढावरच्या घसरणीसाठी काही क्षण ब्रेक धरून ठेवणारी स्वतंत्र सोय आज स्वस्त गाड्यांतही येते आहे.

आता दुसऱ्या, अधिक अवघड प्रकाराकडे वळतो, कारण आपल्या सोसायट्यांतले आणि बाजारपेठांतले बहुसंख्य अपघात याच प्रकारचे असावेत असे मला वाटते. येथे ब्रेकला स्पर्शच झालेला नसतो, त्यामुळे त्याला अग्रक्रम देऊन काही साधत नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 या गाडीबद्दल प्रचंड ओरड झाली. गाडी आपोआप उसळते असे सांगणारे अनेक चालक पुढे आले. 1989 च्या सरकारी अहवालात बहुतेक घटनांचे कारण चुकीच्या पेडलवर पडलेला पाय हेच असल्याचा निष्कर्ष निघाला. पण अभियंते 'चूक चालकाची' एवढे म्हणून थांबले नाहीत. ब्रेक दाबल्याशिवाय गाडी 'पार्क' या उभ्या ठेवण्याच्या स्थितीतून गिअरमध्ये जाणारच नाही, असे कुलूप बसवले गेले आणि 1 सप्टेंबर 2010 पासून बनणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांसाठी ते तेथे सक्तीचे झाले. मिक्सरचे भांडे नीट बसल्याशिवाय तो सुरू होत नाही, त्यातलाच हा विचार : सूचना देण्यापेक्षा धोक्याची कृती अशक्य करून ठेवणे. त्या कुलपाने गाडी सुरू करतानाच्या उड्या कमी झाल्या. चालत्या गाडीतली चूक मात्र शिल्लक राहिली.

ती चूक किती महाग पडते हे जपानने 19 एप्रिल 2019 रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात पाहिले. 87 वर्षांच्या चालकाची मोटार भरधाव सुटून रस्ता ओलांडणाऱ्यांमध्ये घुसली आणि एक तरुण आई व तिची 3 वर्षांची मुलगी दगावली. ब्रेक लागला नाही, असे चालक खटला संपेपर्यंत सांगत राहिला. न्यायालयाने 2021 मध्ये पेडलची चूक मान्य करून त्याला 5 वर्षांची शिक्षा दिली. दक्षिण कोरियात 1 जुलै 2024 रोजी सोलच्या सिटी हॉलजवळ 68 वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली सापडून 9 जण दगावले. तेथेही चालकाचा दावा तोच होता आणि तपासात ॲक्सिलरेटर दाबला गेल्याचे निष्पन्न झाले. या दोन देशांनी पुढे जे केले ते आपण पाहण्यासारखे आहे. जपानने सप्टेंबर 2028 पासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींना पेडलची चूक रोखणारी यंत्रणा सक्तीची करण्याचे ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांच्या मंचावरही नेमक्या याच विषयाचा नवा नियम, क्रमांक 175, नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झाला. त्यातील चाचणी समजण्यास सोपी आहे : गाडी उभी आहे, समोर 1 मीटर किंवा दीड मीटरवर अडथळा आहे, आणि ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबला जातो. अशा वेळी गाडीने ती आज्ञा जशीच्या तशी पाळता कामा नये. कोरियात ह्युंदाईनेही 2024 मध्ये कॅस्पर या छोट्या विद्युत मोटारीत अशी यंत्रणा दिली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलेल्या गाड्या आता भारतातही विकल्या जातात आणि त्या घेणाऱ्यांना वाटते की आपण या धोक्यातून सुटलो. परंतु अशा अनेक गाड्यांत चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर 'चालकाला पुढेच जायचे आहे' असे समजून ती यंत्रणा मागे हटते. नेहमीच्या वापरात हे बरोबर आहे, कारण निर्णय माणसाच्या हाती असावा. पण पाय चुकलेला असतो तेव्हा माणसाचा खरा निर्णय नेमका उलटा असतो. म्हणून पेडलच्या चुकीसाठी वेगळी तपासणी लागते : गाडी उभी किंवा अगदी हळू, समोर भिंत किंवा माणूस अगदी जवळ आणि पेडल एका झटक्यात तळाला. या तीन गोष्टी एकत्र आल्या तर तो इरादा असण्यापेक्षा अपघात असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

भारतासाठी याबाबत एक मोठी अनुकूलता आहे, जिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीला मागचा अडथळा ओळखणारे पार्किंग संवेदक सक्तीचे आहेत. म्हणजे गाडी मागे घेताना पाऊण मीटरवर भिंत आहे किंवा मूल उभे आहे, हे आजच गाडीला कळते. ती सतत पीं-पीं करून ते चालकाला सांगतेही. आणि त्याच क्षणी चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर आदळला तर तीच गाडी पूर्ण ताकदीने मागे उसळते. एका कानाने ऐकलेली गोष्ट तिच्या हातापर्यंत पोचतच नाही. संवेदकाचा संदेश इंजिनाच्या किंवा मोटरच्या नियंत्रकापर्यंत नेला आणि अशा वेळी ताकद मर्यादित ठेवली, तर रिव्हर्समधल्या अपघातांचा मोठा भाग टळू शकेल. पावसात, चिखलात हे संवेदक खोटा इशारा देतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच येथे जोराचा ब्रेक लावू नये, फक्त उसळी रोखावी. पाय उचलून पुन्हा सावकाश दाबला तर गाडी हळूहळू सरकू द्यावी. इतपत तारतम्य आज्ञावलीत बसवणे पुण्यातल्या आणि चाकणमधल्या अभियंत्यांना मुळीच जड नाही. पुढच्या बाजूला संवेदक किंवा कॅमेरा लागेल, तिथे खर्च येईल. तो टप्प्याटप्प्याने व्हावा.

पेडलच मुळातून बदलावे, असे सांगणारेही आहेत. जपानच्या कुमामोतो प्रांतात लहानसा कारखाना चालवणारे मासुयुकी नारुसे यांनी एकाच पेडलची रचना केली. तिच्यात पाय खाली दाबला की नेहमी ब्रेकच लागतो आणि वेग हवा असेल तर पाय उजवीकडे किंचित वळवून बाजूची पट्टी रेटायची. घाबरलेला माणूस पाय खालीच दाबतो, या एका निरीक्षणावर ती उभी आहे आणि एक तंत्रज्ञ म्हणून मला तिचे अतिशय कौतुक वाटते. परंतु कोट्यवधी लोकांच्या पायाची सवय एकाएकी बदलता येणार नाही, आणि घरात एक गाडी अशी व दुसरी तशी असली तर गोंधळ वाढेल. विजेच्या गाड्यांतील 'एका पेडलवर चालवा' ही सोय मात्र याच्या अगदी उलट दिशेची आहे. तिच्यात ॲक्सिलरेटर सोडला की गाडी जवळपास थांबतेच, त्यामुळे दिवसभरात ब्रेककडे पाय फारसा जातच नाही. मग संकटाच्या क्षणी तो तिकडे वळेल याची खात्री कशी द्यायची? ही सोय गाडी सुरू करताना आपोआप चालू असू नये, ज्याला हवी त्याने ती मुद्दाम निवडावी, असे माझे मत आहे.

9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची विद्युत बस गर्दीत घुसून किमान 7 जणांचे प्राण गेले आणि 40 हून अधिक जखमी झाले. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे दोष कोणाचा यावर मी लिहिणार नाही. पण चालकाला क्लच-गिअरच्या वाहनांची सवय होती आणि स्वयंचलित विद्युत बसचे त्याला मिळालेले प्रशिक्षण पुरेसे होते का, हा प्रश्न त्या वेळी सर्वांनीच विचारला. 12 मीटर लांबीच्या बसमध्ये ही चूक झाली तर काय होते, हे कुर्ल्याने दाखवले. मोटारींसाठी जे नियम व्हायचे ते बससाठी आधी व्हावेत, कारण तिथे वाहन निवडण्याचा अधिकार चालकाला नसतो आणि गर्दीतून वाट काढणे हे त्याचे रोजचे काम असते.

आता मागण्यांबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांचे दोन करार आहेत, 1958 चा आणि 1998 चा. भारत 1998 च्या करारात आहे. नियम क्रमांक 175 हा 1958 च्या कराराखालचा असल्याने तो आपल्याला आपोआप लागू होत नाही. परंतु अशा नियमांच्या आधारे भारतीय मानके तयार करणे हे काम आपल्याकडे नेहमी चालते आणि त्यात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचा मोठा वाटा असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर असलेल्या प्रत्येक नव्या वाहनात ब्रेकला अग्रक्रम देणारी व्यवस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांत बंधनकारक करावी. यासाठी दीर्घ मुदतीची गरज नाही. अमेरिकेत 2012 साली अशा नियमाचा मसुदा निघाला आणि उत्पादकांनी ती व्यवस्था आपणहून दिल्यामुळे पुढे तो मागे घेण्यात आला. आपल्या बाजारात सर्वांत स्वस्त आवृत्तीतून काय काय वगळता येईल याचा आधी विचार होतो, त्यामुळे उत्पादकांच्या मर्जीवर हे सोडता येणार नाही. एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आपल्याकडे सर्व गाड्यांत केव्हा आले? नियम झाल्यावरच. पेडलची चूक रोखणाऱ्या यंत्रणेसाठी रिव्हर्सपासून सुरुवात करून निश्चित तारखा जाहीर व्हाव्यात. ऑक्टोबर 2023 पासून सुरक्षेच्या चाचण्या घेऊन गाड्यांना तारांकन देणाऱ्या भारत एनसीएपी कार्यक्रमातही या यंत्रणेला गुण मिळावेत, कारण ग्राहक आता तारे मोजून गाडी घेऊ लागला आहे.

राज्याच्या परिवहन विभागाला करता येण्याजोगी गोष्ट मॅटबद्दलची आहे. पेडलच्या मार्गात येणारी, न अडकवलेली मॅट विकणे आणि बसवणे यांवर स्पष्ट बंदी हवी आणि वाहन तपासणीत ती पाहिली जावी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चार चाकी शिकताना बहुतेक जण गिअरच्या गाडीवर शिकतात, त्यावरच चाचणी देतात आणि पुढे ऑटोमॅटिक घेताना त्यांना कोणीच काही शिकवत नाही. विक्रेत्याने गाडी ताब्यात देताना मोकळ्या जागेत तासभर सराव करून घ्यावा : टाच ब्रेकच्या रेषेत ठेवूनच पाय फिरवायचा, मागे घेताना ॲक्सिलरेटरला स्पर्श न करता गाडीच्या सरकण्यावरच काम भागवायचे, गाडी उसळली तर पाय पूर्ण उचलून मग ब्रेक शोधायचा. ॲक्सिलरेटर अडकलाच तर गिअर न्यूट्रलला टाकून ब्रेक एकदाच आणि पूर्ण ताकदीने दाबून धरायचा. तो पुन्हा पुन्हा सोडून दाबायचा नाही, आणि गाडी थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही, कारण तसे केल्यास स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. हे विक्रेत्याच्या माणसाने तोंडी सांगून भागणारे नाही. ग्राहकाच्या हाताला आणि पायाला ते एकदा तरी करून पाहायला मिळाले पाहिजे.

शेवटची विनंती आपल्या दैनिकाला आहे. अशा अपघाताची बातमी देताना वाहन गिअरचे होते की ऑटोमॅटिक, पेट्रोलचे होते की विजेचे, पेडलपाशी सैल मॅट किंवा बाटली आढळली का आणि आरटीओच्या तपासणीत ब्रेकची स्थिती काय निघाली, एवढ्या चार गोष्टी वार्ताहरांनी आवर्जून विचाराव्यात आणि छापाव्यात. अमेरिकेतल्या मोटारींतील नोंदयंत्र अपघातापूर्वीच्या 5 सेकंदांत ब्रेक दाबला होता का आणि ॲक्सिलरेटर किती दाबला होता, हे जपून ठेवते. ज्या गाड्यांत अशी नोंद उपलब्ध असेल, तिथे पोलिसांनी ती मागवली का, हाही प्रश्न विचारला जावा. पंचनाम्यात 'चालकाचे नियंत्रण सुटले' एवढेच लिहिले गेले, तर मानक ठरवणाऱ्यांपुढे ठेवण्यासारखी माहिती कधीच जमा होणार नाही.

आपला,
वाहन उद्योगातील एक निवृत्त तंत्रज्ञ
चिंचवड, पुणे